बर्फाच्या खोलीतला पाहुणा

“शंभू, जीभ आत घे! लादीला चिकटली तर तुला बर्फासकट घरी न्यावं लागेल!”

प्रतिक्षा ओरडली तेव्हा शंभूराजचं तोंड बर्फाच्या लादीपासून जेमतेम वीतभर लांब होतं. त्यानं नाइलाजानं ओठ मिटले.

“मी फक्त वास घेत होतो,” तो म्हणाला.

“जिभेनं?” मल्हारनं विचारलं आणि पोट धरून हसायला लागला.

सत्याण्णव सालची दिवाळीची सुट्टी होती ती. प्रतिक्षा तेव्हा सातवीत, तिचा भाऊ शंभूराज पाचवीत. दोघं दर सुट्टीला बारामतीहून लाल एसटीनं वरकुट्याला म्हाळसामावशीकडं यायची आणि मावशीच्या शेजारचा मल्हार त्यांची वाट बघत फाट्यावर येऊन बसलेला असायचा. तो प्रतिक्षाच्या एक यत्ता पुढं होता, त्यामुळं आपल्याला सगळं जास्त कळतं असं त्याचं ठाम मत होतं. एरवी सुट्टी विहिरीत डुंबण्यात, मातीचा किल्ला रचण्यात आणि टिकल्यांच्या पिस्तुलावरून भांडण्यात जायची. त्या वर्षी मात्र ही तिघं ऑक्टोबरच्या भाजणाऱ्या उन्हात स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून सायकली हाणायची. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. “पोरांनला ताप आलाय का काय?” असं एका बाईनं खरंच विचारलं होतं.

आता प्रतिक्षा मोठी झाली आहे. खऱ्या बर्फाचे डोंगरही तिनं पाहिलेत. पण थंडी म्हटलं की तिला अजून इंदापूरच्या रस्त्यावरचा तो बर्फाचा कारखानाच आठवतो. तिथला नाकात झोंबणारा अमोनिया, भुश्शात निजवलेल्या लाद्या, आणि दार उघडलं की अंगावर येणारी पांढरी वाफ! ते दिवस आठवले की ती मनातल्या मनात अजून सायकल काढते.

या सगळ्याला कारण होती नकोशीताई.

म्हाळसामावशीला पहिल्या तीन मुलीच. चौथीही मुलगीच झाली, तेव्हा पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून घरच्यांनी तिचं नाव नकोशी ठेवलं. मुलगा काही झाला नाही. मोठ्या तिघी लग्न होऊन गेल्या, मावशीचे यजमान वारले, आणि मग घरातलं पान नकोशीताईशिवाय हलेनासं झालं. ती पुण्याला एम.एस्सी. करत होती, तरी शनिवारी येऊन शेतातल्या मोटारीचा फ्यूज तीच बसवायची. आणि हीच ताई अंटार्क्टिकाला निघाली होती!

“तितं मेंढरं हायत का?” बातमी कळल्यावर मल्हारनं पहिला प्रश्न विचारला होता.

“नाहीत,” ताई म्हणाली.

“शेरडं?”

“तीही नाहीत. गवतच नाही ना!”

“मग तितं जाऊन करायचं काय माणसानं?” मल्हारला खरंच काळजी वाटली होती. त्याचं घराणं धनगरांचं. त्याच्या आजोबांपर्यंत सगळी कळपामागं कोकणापर्यंत चालत जायची. आता कळप गेला होता, ऊस आला होता, पण मल्हारच्या डोक्यातून मेंढरं गेली नव्हती.

दरवर्षी डिसेंबरात गोव्याहून एक बोट शास्त्रज्ञांना घेऊन दक्षिण ध्रुवाकडं जायची. त्या वर्षी तिच्यावर एका विद्यार्थ्यासाठी जागा होती आणि ती नकोशीताईला मिळाली होती. पण एका अटीवर. ताईनं स्वतःच्या हातानं एक यंत्र बनवलं होतं. एका लांब वायरीच्या टोकाला पोलादी कांडी होती. ती बर्फात रोवायची. मग यंत्रातलं पेन हळूहळू फिरणाऱ्या कागदावर रेष ओढत राहायचं. थंडी वाढली की रेष खाली, ऊब वाढली की वर. हे यंत्र भरवशाचं निघालं तर ताई बोटीवर जाणार होती. नाहीतर पुण्यातला दुसरा एक मुलगा आपलं यंत्र घेऊन तयारच होता. मोहिमेचे निंबाळकर सर वसुबारसेला स्वतः येऊन यंत्र बघणार होते.

आता वरकुट्यात अंटार्क्टिका कुठून आणायचा? ताईनं शोधून काढला. उजनीच्या पाण्यातली मासळी बाहेरगावी पाठवायला बर्फ लागायचा, तो आप्पासाहेबांच्या कारखान्यात तयार व्हायचा. तिथं लाद्यांच्या मोठ्या खोलीच्या आत एक लहान खोली रिकामी पडून होती. आप्पासाहेबांनी ती लगेच दिली.

“आपल्या कारखान्यातनं पोरगी थेट दक्षिण ध्रुवावर! पेपरात फोटो आला पाहिजे!” असं म्हणून त्यांनी आतल्या खोलीला नवंकोरं कुलूप घातलं. किल्ली मात्र ते स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. ताई सकाळी ती मागून घ्यायची, कागद बदलायची आणि किल्ली परत करायची.

आणि इथंच सगळं अडलं होतं.

“हे बघ,” त्या दिवशी कारखान्याच्या पायरीवर बसून ताईनं कागद उलगडला. “संध्याकाळी रेष सरळ. रात्रभर सरळ. सकाळी सरळ. आणि दुपारी हे!”

सरळ चाललेली रेष मध्येच उठली होती. बैलाच्या वशिंडासारखी वर चढून हळूहळू खाली आली होती.

“कालच्या कागदावरपण होतं का?” प्रतिक्षानं विचारलं.

“रोज आहे. मी सगळ्या तारा बदलल्या. कांडी बदलली. काय चुकतंय तेच कळत नाही गं!”

ताई फाट्यावरच्या एस.टी.डी. बूथवर सरांना फोन करायला गेली. काचेच्या खोलीतून तिचा आवाज ऐकू येत नव्हता, पण ती नुसती “हो सर, हो सर” करत होती हे दिसत होतं. बाहेर आल्यावर ती बूथच्या मागं गेली. प्रतिक्षा तिच्या पाठोपाठ गेली आणि तिथंच थबकली. ताई ओढणीनं डोळे पुसत होती. गाभण म्हैस अडली तेव्हा न घाबरलेली, सापाला काठीवर उचलून बांधापलीकडं सोडणारी ताई!

“सर म्हणाले, भलतंच दाखवणारं यंत्र बोटीवर चढवता येत नाही,” ती म्हणाली. “त्यांचं बरोबरच आहे.”

काहीही होवो, ताई गेलीच पाहिजे, असं प्रतिक्षानं त्या बूथच्या मागं ठरवून टाकलं.

“यंत्र बिघडलं असतं तर ते रात्रीपण बिघडलं असतं,” दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसल्यावर तिनं मुद्दा मांडला. “दुपारीच कसं बिघडतं? दुपारी कारखान्यात काय होतं?”

“जेवण,” शंभूराज म्हणाला.

“तुला दुसरं काही सुचतं का?”

“दुपारी हिंदूकाका सगळ्यांनला भाईर काढतो आन् गेटला कुलूप लावतो,” मल्हार म्हणाला. कारखान्याचे राखणदार हिंदुराव म्हणजे त्याचे सख्खे चुलते. “ऊन खाली झाल्यावर मासळीवाले येत्यात, तवा उघडतो. तवर कुणी नसतं.”

“कुणी नसतं, तरी रेष वर जाते. म्हणजे कुणीतरी असतं!” प्रतिक्षानं चुटकी वाजवली.

“भूत!” शंभूराजचे डोळे चमकले.

“भुताला थंडी लागती. त्ये बर्फात कशाला जाईल?” मल्हारनं त्याला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी ताई घरी यंत्रातून काढलेले जुने भाग मांडून बसली होती, म्हणून कागद आणायला तिनं या तिघांनाच पाठवलं. आप्पासाहेबांनी खिशातून किल्ली काढून प्रतिक्षाच्या हातावर ठेवली. आतल्या खोलीचं दार उघडताच तिघांनी नाकं दाबली.

“फिनेल!” प्रतिक्षा म्हणाली. “इथं फिनेल कशाला? बर्फाला जंतू होतात का?”

शंभूराज तोवर यंत्राच्या टेबलाखाली शिरला होता. तिथून त्याचा विजयी आवाज आला.

“सापडलं! यंत्राचा मणी पडलाय! म्हणून ते बिघडतंय!”

त्याच्या तळहातावर एक काळी, टणक, गोठलेली गोळी होती. प्रतिक्षा ती निरखून बघायला लागली. मल्हारनं मात्र एकदाच पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

“टाकून दे त्ये.”

“का? काय आहे?”

“काय न्हाय. टाक म्हणलं ना!”

सगळ्या वाटेत तो बोलला नाही. एरवी ज्याचं तोंड बंद करायला विनवण्या कराव्या लागायच्या, तो मल्हार गाव आल्यावर न थांबता घरी निघून गेला. त्याला काहीतरी कळलंय आणि ते तो सांगत नाही, हे प्रतिक्षानं ओळखलं. तिला रागही आला आणि वाईटही वाटलं. पण ती हातावर हात धरून बसणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद बदलून झाल्यावर ती रांगोळीचा डबा घेऊन हिंदुरावांपुढं उभी राहिली.

“काका, दिवाळी आली. बर्फाच्या खोलीच्या उंबऱ्यात रांगोळी काढू?”

हिंदुराव म्हणजे उंच, मिशाळ माणूस. त्यांनी जरा गोंधळून गेटाकडं, मग तिच्याकडं पाहिलं. दिवाळीत लेकरानं रांगोळी काढायला मागितली तर नाही कसं म्हणायचं?

“काढ की. पर आतल्या दाराला कशाला? भाईर काढ.”

“लक्ष्मी आतपर्यंत यायला नको का?”

हिंदुराव मिशीवर हात फिरवत बाजूला झाले. प्रतिक्षानं आतल्या खोलीच्या दारात, कडेपासून कडेपर्यंत, पाऊल ठेवायला जागा उरणार नाही असा पिसारा फुलवलेला मोर काढला. रांगोळीचा थर एवढा जाड की अर्धा डबा रिकामा झाला.

“लई जाड झाली गं पोरी,” हिंदुराव कुरकुरले.

“सणाला हात आखडू नये काका!”

दुसऱ्या दिवशी ताई सरांच्या स्वागताच्या गडबडीत होती, म्हणून पुन्हा हीच तिघं आली. मल्हारही आला, पण मागं मागं राहत. दारातली रांगोळी बघून प्रतिक्षा मटकन खाली बसली.

“मी मोर काढला होता! ही कोंबडी कुणी काढली?”

खरंच कोंबडी होती, आणि तीही एका पायाची. कुणीतरी जाडजूड बोटांनी मोडलेली रांगोळी जुळवायचा प्रयत्न केला होता. शंभूराज हसून हसून लोळायचा बाकी होता. पण प्रतिक्षानं दार उघडून खाली बोट दाखवलं, तसं त्याचं हसू थांबलं. आतल्या फरशीवर कुणी फडकं फिरवलं होतं, तरी ओली रांगोळी जागोजाग गोठून बसली होती. दारापासून टेबलापर्यंत पांढरी पावलं उमटली होती. लहान लहान, मधोमध चिरलेली.

“दोन बोटांचा चोर!” शंभूराज कुजबुजला.

“चोर न्हाय,” मागून मल्हारचा आवाज आला. तो दाराला टेकून उभा होता. “तोफ्या हाय त्यो.”

मग तिघं गेटाबाहेर बाभळीखाली बसली आणि मल्हारनं सगळं सांगून टाकलं. तोफ्या हा हिंदुरावांचा टकरीचा मेंढा. घरचा कळप विकला तेव्हा मागं ठेवलेल्या मेंढीचा नातू. दिवाळीच्या पाडव्याला मेंढ्यांच्या टकरी व्हायच्या, त्यात तो दोनदा हरला होता. तेव्हा हिंदुरावांनी बिरोबाला शब्द दिला, की तोफ्या जिंकेपर्यंत त्याच्या लोकरीला कातर लावणार नाही.

“आन् आता लोकर बघा की त्याची! ह्या उन्हात जनावर धापा टाकतंय, वैरण खात न्हाय. मागल्या अंगाला कडुलिंबाखाली बांधलेला असतो. कुणी नसताना काका त्याला थोडा येळ गारव्याला न्हेत असंल. लेंडी बघितली तवाच मला कळलं.”

“मग परवाच का नाही सांगितलंस?” प्रतिक्षा उसळली.

“तुझा चुलता असता तर तू सांगितलं असतंस?”

प्रतिक्षा बाभळीच्या खोडाला टेकून बसली.

“ताईला सांगितलं तर ती तडक आप्पासाहेबांकडं जाईल,” मल्हार जमिनीवर काडीनं रेघा मारत म्हणाला. “काकाची नोकरी जाईल. आन् काका काय कबूल करणार न्हाय. तुमी पोरं खोटं बोलताय म्हणंल.”

“आणि नाही सांगितलं तर ताई जाणार नाही.”

“त्येबी ठावं हाय मला.”

शेवटी शंभूराजनं तोंड उघडलं.

“मग आपण कुणीच नको सांगूया. तोफ्यालाच सांगू दे!”

प्रतिक्षानं त्याच्याकडं पाहिलं. या पोराला वर्षातून एखादी कल्पना सुचायची, आणि ती हीच होती. तोफ्याला रोजची सवय होती. दोर सोडला तर तो कुठं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“पण गाठ कुणी सोडायची?” तिनं विचारलं.

तोफ्या हिंदुराव आणि मल्हार सोडून दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

“बघतो,” मल्हार म्हणाला आणि उठून गेला.

वसुबारसेच्या दुपारी निंबाळकर सरांची जीप आली. आप्पासाहेब हार घेऊन पुढं झाले. त्यांनी फोटोवालाही बोलावला होता. हिंदुराव इस्त्रीचे कपडे घालून गेटाशी ताठ उभे होते. म्हाळसामावशी डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात उभी होती. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं, ती फक्त लेकीच्या तोंडाकडं बघत होती.

सरांनी आतल्या खोलीत जाऊन यंत्र न्याहाळलं, ताईला बारीकसारीक प्रश्न विचारले. ताई पटापट उत्तरं देत होती. मग बाहेर येऊन सरांनी कागद मागितले. एकेक कागद बघताना त्यांची मान हलायला लागली.

“दुपारचा हा उंचवटा रोज आहे, नकोशी.”

“हो सर. पुन्हा पुन्हा सगळं तपासलं. कारण सापडत नाही.”

सरांनी चष्मा काढला. “तुझं काम सुरेख आहे. सांगायला मला फार वाईट वाटतंय, पण…”

“सर, थांबा!” प्रतिक्षा ओरडलीच. “दुपारचा पाहुणा अजून आलेला नाही. तो आल्याशिवाय काही ठरवू नका!”

“अगं ए! मोठ्यांच्यात बोलायचं नसतं!” आप्पासाहेब डाफरले.

शंभूराजनं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. ठरल्याप्रमाणं आता मल्हारनं दोर सोडायचा होता. पण काहीच झालं नाही. शंभूराजनं पुन्हा शीळ घातली. कारखान्याची मोटार घरघरत होती, तिच्याखेरीज कसला आवाज नव्हता. मल्हारला जमलं नाही, प्रतिक्षाला वाटलं. आणि गंमत म्हणजे तिला त्याचा रागही आला नाही. चुलता तो चुलताच.

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला.

कडुलिंबामागून तोफ्या निघाला. वळलेली शिंगं, जमिनीला टेकायला आलेली लोकर, गळ्यात पट्टा. दोर मागं लोळत होता. बरोबर कुणी नव्हतं. हिंदुराव “आरं, आरं!” करत धावले, पण तोफ्याला कोण अडवणार? माणसं बाजूला झाली. तो आप्पासाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराला अंग घासून गेला, लाद्यांच्या खोलीतून सरळ आतल्या खोलीत शिरला, टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि कांडीपाशी नाक नेऊन त्यानं समाधानाचा लांब सुस्कारा सोडला.

“पेन!” त्याच्या मागोमाग आत धावलेली ताई किंचाळली. “सर, पेन बघा!”

पेन हललं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू वर सरकू लागलं आणि कागदावर ओळखीचं वशिंड उमटायला लागलं. सर वाकून बघत राहिले. बघता बघता त्यांना हसू फुटलं.

“हिंदुराव!” आप्पासाहेब लाल झाले. “माझ्या कारखान्यात मेंढा? आजपासनं तुझं काम बंद!”

“पण आप्पासाहेब,” शंभूराजनं अगदी भोळा चेहरा करून विचारलं, “या खोलीची किल्ली तर तुमच्याच खिशात असते ना? मग तोफ्याला रोज दार कोण उघडून देत होतं?”

आप्पासाहेबांचा हात आपोआप खिशाकडं गेला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. तोफ्या जिंकला तर टकरीच्या मैदानात लाउडस्पीकरवरून कारखान्याचं नाव पुकारायचं, हे त्यांचं आणि हिंदुरावांचं आधीच ठरलेलं होतं आणि म्हणूनच ते दुपारी गुपचूप किल्ली देत होते, ते मग बाहेर आलं. फोटोवाल्यानं तेवढ्यात एक फोटो काढून घेतला. आप्पासाहेबांनी पुन्हा काम बंद करायचं नाव काढलं नाही.

हिंदुराव मात्र बावरून गेले होते. “आवं सायेब, पर त्यानं यंत्राला तोंडबी लावलं न्हाय! मी सवता दोर धरून हुबा असायचो. फिनेल लावायचो. काय बी खराब केलं न्हाय त्यानं!”

“मामा,” सर हसत म्हणाले, “या यंत्राला हात लावावा लागत नाही. नुसता कुणी कांडीवर श्वास सोडला तरी त्याला कळतं. आता न्या बघू त्याला बाहेर.”

तोफ्या नाखुशीनं बाहेर गेला. दार लावून सगळे त्यातल्या काचेच्या झरोक्यातून बघत राहिले. पेन थबकलं, हळूहळू खाली आलं, आणि रेष पुन्हा पहिल्यासारखी सरळ चालू लागली.

“यंत्र बिघडलेलं नव्हतंच,” सर म्हणाले. “ते रोज खरं बोलत होतं, आपल्यालाच ते कळलं नाही. असलं यंत्र मी गोव्याच्या धक्क्यावर सोडून जाणार नाही, आणि ते बनवणारीलाही नाही. नकोशी, सामान बांध! आणि काय रे पोरांनो, शास्त्रज्ञानं जे करायचं ते तुम्ही केलंत. यंत्राला दोष देण्याआधी दाराबाहेर बघितलंत. मीसुद्धा ते विसरलो होतो.”

ताईनं प्रतिक्षाला उचलून गरकन फिरवलं. काय झालं ते कुणीतरी मावशीला समजावून सांगत होतं.

कडुलिंबाखाली मल्हार उभा होता, हात मागं बांधून. हिंदुराव त्याच्यासमोर जाऊन थांबले.

“दोर कुणी सोडला?”

“म्या,” मल्हार म्हणाला.

“माजी गाठ आजवर कुणाला सुटली न्हाय. तुला कशी सुटली?”

“सुटतच नव्हती. म्हणून तर येळ लागला!”

हिंदुरावांच्या मिशा थरथरल्या. ते रागावतात की रडतात, कळेना. मग त्यांनी मल्हारचं डोकं छातीशी ओढून घेतलं. “लई आगाऊ हायस. आज्यावर गेलास.” त्यांच्या तोंडची याहून मोठी शाबासकी मल्हारला पुढं कधी मिळाली नाही. ताईकडं वळून ते म्हणाले, “पोरी, तुजं नुकसान व्हतंय ह्ये ठावं असतं तर मेंढा घेऊन रानात ऱ्हायलो असतो गं.”

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर हिंदुरावांनी कातर काढली. “बिरोबाला काय सांगायचं ते मी सांगीन. मुक्या जिवानं का सोसायचं?” असं म्हणत त्यांनी तोफ्याची सगळी लोकर उतरवली. खालून एवढासा, लाजलेला मेंढा निघाला. त्या वर्षी तो टकरीला गेला नाही. पाडव्याला त्याला नुसतं सजवून गावातून मिरवलं, आणि त्यानं पोटभर वैरण खाल्ली.

भाऊबीज झाली आणि ताई निघाली. फाट्यावर अर्धा गाव जमला होता. कुणी चिवडा आणला होता, कुणी लोणचं. “तितं पाणी तरी बरं असतं का?” असं कुणीतरी विचारलं. यंत्राची पेटी मांडीवर घेऊन ताई खिडकीशी बसली. गाडी हलली, तिनं हात बाहेर काढला आणि ती रडत रडत हसत राहिली. शंभूराज आणि मल्हार गाडीमागं ओरडत पळाले. प्रतिक्षा पळाली नाही. इतके दिवस ताई गेली पाहिजे, गेली पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. ताई गेल्यावर घर कसं होईल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

संध्याकाळी मावशीनं पानं घेतली. तिचं, पोरांचं, आणि सवयीनं आणखी एक. ते ताट हातात धरून ती उभीच राहिली. मग मावशीनं ते ताट प्रतिक्षासमोर ठेवलं.

“हितं बस. माज्या शेजारी,” ती म्हणाली. “तूच घालवलीस ना तिला?”

प्रतिक्षाचे डोळे भरून आले. मावशी रागावली, असंच तिला वाटलं. तिनं खाली मान घालून होकार दिला.

मावशीनं तिच्या पानात गरम भाकरी वाढली, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि आपला खरबरीत हात तिच्या पाठीवरून फिरवला.

“चांगलं केलंस, बाय माजी,” ती म्हणाली. “लई चांगलं केलंस.”

आणि पदरानं डोळे पुसत ती दुसरी भाकरी टाकायला चुलीपुढं बसली.